ऑर्वेन पुन्हा घ्यावा का

ज्यांना नुसतं मत हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. 'ऑर्वेन'ची ती नवी, वाढवलेली आवृत्ती घेऊ नका. दोन बेटं जास्त, एक सोबतीण जास्त, नकाशावर बाण, आणि सगळ्या पात्रांना आवाज. बाकी तोच गेम, तोच अंधाराचा राजा, तीच गावं. ज्यांनी पहिला खेळलाय त्यांनी तर त्या डब्याला हातही लावू नये. हे मी रितिकाला तोंडावर सांगितलं, त्याआधी इझाबेलला सांगितलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

माझं मत जळफळाटातून आलंय असं कुणी म्हणेल. आलंयच. पण जळणाऱ्या माणसाचं मत चुकीचंच असतं, असं कुठे आहे? उलट जळणारं माणूस फार बारकाईने बघतं.

इझाबेल भुईगावची. अकरावीला कॉलेजात एकाच बाकावर बसलो आणि चिकटलो. ती कॉन्व्हेंटमधली, मी नालासोपाऱ्याच्या मराठी शाळेतली. तिचे डॅडी जहाजावर असतात, वर्षातून एकदा घरी येतात आणि येताना बंदराबंदरांवरून काहीबाही आणतात. 'ऑर्वेन'ची सीडी अशीच आली. डब्यावर कंदील घेतलेली मुलगी होती, म्हणून त्यांनी मुलीसाठी उचलली. आत राक्षस आहेत ह्याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नसावी.

गेम असा: ऑर्वेन नावाच्या देशातले सगळे कंदील एका काळ्या राजाने विझवलेत. आपण गावोगाव जायचं, तिथल्या लोकांची कामं करून द्यायची, लढायचं, शिकायचं, बळ वाढवायचं, एकेक कंदील पेटवायचा आणि शेवटी राजाला गाठायचं. एफ. वाय.च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सुरुवात केली. मी सायकल काढायचे, गास गावातून शेतांच्या कडेकडेने भुईगाव गाठायचे, आणि दुपार इझाच्या घरी. बाहेर केळीची वाडी, विहीर, आत पंखा आणि तो कॉम्प्युटर. गंमत म्हणजे आम्ही ऑर्वेनभर कंदील लावत फिरायचो आणि भुईगावातली लाईट जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण ते लाईटला कुणी वाचून दाखवत नसावं.

म्हणून आम्ही कामं वाटून घेतली होती. माऊस आणि तलवार माझ्याकडे. वाचायचं आणि सेव्ह करायचं इझाकडे. तिचं एक बोट कायम सेव्हच्या बटनावर, लाईट गेलीच तर फार मागे जायला नको म्हणून. आणि वाचायची ती कशी! पडद्यावर इंग्रजीत नुसती अक्षरं यायची, ती ते मराठीत करून, प्रत्येकाला वेगळा आवाज देऊन बोलायची. आमच्या चौघांच्या टोळीत बॉरिक नावाचा म्हातारा खेचरवाला होता, सदा कुरकुरणारा. त्याला तिने तिच्या आलोशियस अंकलचा आवाज दिला होता. अंकल वाडीत गड्यांवर ओरडायचे तसा बॉरिक राक्षसांवर ओरडायचा, 'अरे, डोळे हायत का बटनं?' मी हसून हसून माऊस सोडायचे आणि मार खायचे.

आमच्या नायिकेचं नाव उझा. माझ्या उन्नती नावातला उ, इझाबेलमधला झा. मीच ठेवलं होतं.

मार्चमध्ये काळा राजा पडला. पडला म्हणजे आम्ही पाडला. शेवटचा कंदील लागला तेव्हा दोघींनी इतकी बोंब मारली की लुसी आंटी, म्हणजे इझाची मम्मी, हातातली झारी तशीच घेऊन धावत आली. मग परीक्षा आली. मग मी टॅलीचा क्लास लावला, मग एस. वाय. सुरू झालं. इझा कॉलेजात भेटायचीच. सगळं छान चाललं होतं.

आणि मग आमच्या बिल्डिंगमध्ये रितिका राहायला आली.

रितिकाबद्दल वाईट काय सांगू? हीच तर अडचण आहे. मुलगी चांगली आहे. डोंबिवलीहून आली, वडील बँकेत, एकुलती एक, बोलायला गोड, जिन्यात म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलते. पहिल्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, आमचा तिसऱ्या. आल्या आल्या त्यांनी इन्व्हर्टर बसवला. अख्ख्या बिल्डिंगीत अंधार झाला की त्यांच्या खिडकीत तेवढा उजेड असायचा आणि मला तो तेव्हापासूनच खुपायचा.

दिवाळीत आईने इझाला फराळाला बोलावलं होतं. आम्ही बसलोय, आणि रितिका स्टीलच्या डब्यात तिच्या आईने दिलेल्या करंज्या घेऊन आली. आई म्हणाली, बस गं दोन मिनिटं. ती बसली. बोलता बोलता इझा 'ऑर्वेन' असं काहीतरी म्हणाली आणि रितिकाने मान वळवली.

'तुम्ही ऑर्वेन खेळता? ओह गॉड! मी एक्स्पान्डेड खेळतेय सध्या. तुम्ही कोणता खेळलात, जुना?'

जुना! आम्ही वीज मंडळाशी झुंजत जिंकलेला गेम एका शब्दात जुना झाला.

'एक्स्पान्डेड म्हणजे?' इझाने विचारलं.

मग रितिका सुरू झाली. दोन नवी बेटं आहेत. काचेची वीणा वाजवणारी सिल्या नावाची सोबतीण आहे, तिला पंख आहेत. नकाशावर बाण येतो, हरवायला होत नाही. गेम आपोआप सेव्ह होतो. आणि सगळी पात्रं बोलतात, यार, खरीखुरी, आवाजात. इझा पुढे सरकून ऐकत होती. तिचे डोळे असे चमकत होते की मला चकलीचं ताट त्या दोघींच्या मधे धरावंसं वाटलं. धरलंही. इझाने चकली उचलली आणि ताटावरून रितिकाशीच बोलत राहिली. माझ्याच घरात मी वाढपी झाले होते.

रितिका गेल्यावर मी म्हटलं, 'शहाणीच आहे.'

'क्यूट आहे,' इझा म्हणाली.

त्या रात्री मला करंजी गोड लागली नाही, एवढंच सांगते.

आठवड्याभराने कॉलेजच्या कँटीनमध्ये इझाने विषय काढला. वडापाव अर्धा खाऊन बाजूला ठेवला, बोटं पुसली आणि म्हणाली, 'डॅडींचं जहाज सिंगापूरला लागतंय. रविवारी फोन करतील. नाताळला येताना काय आणू विचारतील. तो एक्स्पान्डेड आणायला सांगू का?'

'मला काय विचारतेस?'

'तुलाच विचारणार ना. तू मासिकं वाचतेस, तुला कळतं. घेण्यासारखा आहे का? खरं सांग.'

आता हे लक्षात घ्या की तिने मला विचारलं होतं, रितिकाला नाही. मला तेव्हा बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते पंख, ती वीणा आणि रितिकाचं 'ओह गॉड' नाचत होतं. तो गेम भुईगावात आला असता तर रितिकाची शिफारस भुईगावात आली असती. इझा म्हणाली असती, रितिका म्हणाली होती तसंच आहे. रितिका म्हणाली होती की इथून डावीकडे जायचं. नको. माझ्या दुपारी मला रितिकाच्या तोंडून नको होत्या.

आणि खोटं मी काहीच बोलले नाही. सायबर कॅफेतल्या मासिकात मी परीक्षण वाचलं होतं. मी तिला नीट समजावलं. म्हटलं, बाण असला की शोधायचं काय? आपोआप सेव्ह झालं की भीती कसली? सगळे आपापलं बोलायला लागले की वाचायचं कुणी? हा गेम आता एकट्याने बसून खेळायचा करून टाकलाय त्यांनी. गोधडीला दोन ठिगळं लावली म्हणून ती नवी होते का?

'म्हणजे नको?' इझा म्हणाली.

'कशाला? जे बघायचं होतं ते बघून झालंय. परत तिथे जाऊन काय करायचं?'

तिने वडापावचा कागद चुरगळला. 'बरं,' म्हणाली. मग तास होता म्हणून उठलो. रविवारी तिने डॅडींना मम्मीसाठी मिक्सर आणायला सांगितला. हे तिने मला सोमवारी सांगितलं आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली. एक बला टळली.

आता आमच्या बिल्डिंगची एक गोष्ट सांगते. आमच्याकडे कोण कुणाच्या घरी आलंय हे विचारावं लागत नाही. चपला दाराबाहेर काढतात, जिना एकच. तिसऱ्या मजल्यावर जाणारं माणूस पहिल्या दोन मजल्यांवरच्या सगळ्या चपला वाचत जातं. कुणाचे पाहुणे गेले नाहीत, कुणाचा जावई आला, कुणाची कामवाली आली नाही, सगळं समजतं. आई तर दूध घेऊन वर येईपर्यंत अख्खी बातमीपत्रं तयार करते.

नोव्हेंबर संपत होता. रविवारी दुपारी मी क्लासहून आले आणि पहिल्या मजल्यावर रितिकाच्या दाराबाहेर पांढऱ्या सँडल्स बघितल्या. बाजूला छोटा बक्कल, टाचेला थोडी पिवळी पडलेली. त्या सँडल्स मी ओळखते. इझा रविवारी मिस्साला त्याच घालते आणि बाकी दिवशी मम्मीच्या धाकाने खोक्यात ठेवते. म्हणजे ही बया चर्चमधून निघून, घरी न जाता, भुईगावहून थेट इथे आली होती. माझ्या बिल्डिंगमध्ये. आणि दोन मजले वर चढली नव्हती.

मी वर आले. आईने दार उघडलं आणि पहिलं वाक्य, 'खाली इझाबेल आलीय वाटतं. वर नाही आली?'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, 'येईल ना, घाई काय आहे,' आणि आत जाऊन कपाट आवरायला घेतलं. मी कपाट आवरते तेव्हा घरातलं कुणी माझ्याजवळ येत नाही. कान सगळे जिन्याकडे. पाऊल वाजलं की वाटायचं, आली. ते निघायचं दुसऱ्याच कुणाचं तरी. इझा आलीच नाही. संध्याकाळी मी कचरा टाकायच्या निमित्ताने खाली गेले, सँडल्स गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी पुन्हा सँडल्स. त्या रविवारी मात्र मी तयार होते. रितिकाच्या आईचा दिवाळीचा डबा आमच्याकडेच पडून होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही ही आईची शिस्त, आणि आत घालायला काही मनासारखं होत नव्हतं म्हणून तो राहिला होता. मी आईच्या मागे लागून नारळाच्या वड्या करवून घेतल्या. आईला वाटलं, पोरीला अचानक शेजारधर्म सुचला. मी डबा उचलला आणि खाली गेले.

रितिकाच्या आईने दार उघडलं, 'अगं, कशाला हे,' वगैरे म्हणाली आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. खोलीत पंखा जोरात, पडदे ओढलेले, मोठे स्पीकर. रितिका माऊसवर. इझा शेजारच्या खुर्चीत, पाय वर घेऊन, मांडीवर उशी. मला बघून तिचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच पडला. दोन्ही मी पाहिलं. पहिल्याचा मला राग आला, दुसऱ्याचा जास्त आला.

'ये ना, बस,' रितिका म्हणाली. 'बघ, तुमचीच उझा आहे.'

मी पडद्याकडे बघितलं. काचेच्या समुद्रकिनाऱ्यावर उझा उभी होती. आमची उझा. तोच लाल झगा, जो आम्ही भुईगावात बसून गेममधल्या चिखलवाडीच्या जत्रेत बॉरिकचं खेचर पणाला लावून जिंकला होता. तीच तलवार.

'ही इथे कशी?'

'जुन्या सेव्हमधून नव्यात घेता येते,' इझा हळूच म्हणाली. 'मी पेनड्राइव्हवर आणली. कॉपी आहे गं. आपली तिथेच आहे, घरी.'

कॉपी आहे म्हणे! उद्या माझी आई कुणाला कॉपी करून द्या आणि म्हणा, तुझी तिथेच आहे.

पडद्यावर टोळी चालत होती. उझा, धनुर्धारी, वैद्यबाई, आणि पंखवाली सिल्या. टोळीत चौघंच मावतात. मी मोजून पाहिलं.

'बॉरिक कुठे आहे?'

'त्याला सरायीत ठेवलंय,' रितिका म्हणाली. 'चारच जणांना नेता येतं ना. सिल्याला घ्यायचं तर एकाला बाहेर ठेवावं लागतं. आणि बॉरिकचं तसं काही काम नाही. स्लो आहे.'

'सरायीत? एकट्याला?'

'त्याला काय होतंय? तो गेममधला आहे,' रितिका हसली. मला बरं वाटावं म्हणून ती लगेच सरायीत गेलीही. बॉरिक चुलीपाशी बसला होता. त्याच्यावर टिचकी मारली आणि तो बोलला. खर्जातल्या गोऱ्या साहेबी आवाजात, एखादा प्रिन्सिपल बोलतो तसा. तो बॉरिक नव्हताच. बॉरिकच्या कपड्यातला कुणीतरी दुसराच माणूस होता.

मी इझाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ती आलोशियस अंकलचा आवाज काढेल. ती उशीच्या अभ्र्याचा दोरा ओढत होती. तिच्या हाताला तिथे कामच नव्हतं. सेव्ह आपोआप होत होतं, वाचायला कुणी लागत नव्हतं, रस्ता बाण दाखवत होता. मी कँटीनमध्ये म्हटलेली अक्षर न् अक्षर खरी निघाली होती. हा एकट्याने खेळायचा गेम होता. तरीही इझा तिथे बसली होती. काही काम नसताना. रविवारी. चर्चमधून थेट.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. ती गेमसाठी आली असती तर मी तिला माफ केलं असतं.

'कसा वाटतोय?' रितिकाने विचारलं.

'फालतू आहे,' मी म्हटलं. 'पहिल्याचा सगळा रस काढून घेतलाय. नुसता चोथा.' आणि वर आले. वड्यांचा डबा तेवढा पोचला.

त्यानंतर कॉलेजात मी बाक बदलला. इझा दोन-तीनदा माझ्याकडे आली. मी टॅलीबद्दल, आयकराबद्दल, हवेबद्दल बोलले. माझ्यासारखं गोड आणि कोरडं बोलायला कुणाला जमणार नाही. ती परत जाऊन तिच्या जागेवर बसायची. मला वाटायचं, तिने विचारावं की काय झालं. तिने विचारलं की मी म्हणणार होते, काही नाही. ही सगळी तयारी करून मी बसले होते आणि तिने विचारलंच नाही.

नाताळच्या आधी लुसी आंटीचा फोन आला. आईने उचलला. 'उन्नतीला पाठवा, नाताळचं कलकल वळायला हात कमी पडतात,' आंटी म्हणाली आणि आईने मला न विचारता होकार भरला. आमच्या घरात माझ्या रुसव्याला किंमत नाही.

सायकल काढली. गासमधून जाताना शेतं कापून झालेली, रस्ता नव्याने केलेला. मी रस्ताभर भांडणाची उजळणी करत होते. पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं. उझाचं कसं काढायचं, बॉरिकचं कसं काढायचं. भुईगावला पोचले तेव्हा माझं भाषण पाठ होतं.

ओट्यावर चटई टाकून लुसी आंटी आणि इझा बसल्या होत्या. मधे पिठाचा गोळा, दोन नव्या फण्या. पिठाची गोळी फणीवर दाबून गुंडाळायची की दातऱ्यांची नक्षी उठते, ते तळून साखरेत घोळायचं, झालं कलकल.

'आली बघ बाई एकदाची!' आंटी म्हणाली. 'गेम संपला तशी तूपन संपलीस गो. मी म्हटलं, पोरगी गेली का काय परदेशात. पानी पिते का? बस, मी तेल ठेवते.'

आंटी आत गेली. मी बसले, फणी घेतली. इझाने पीठ माझ्याकडे सरकवलं. ताटात कलकलांची एक रांग लागली. शेवटी मीच सुरू केलं.

'बॉरिकला परत घेतलंत का टोळीत?'

'कोण? अच्छा, तो. माहीत नाही.'

'माहीत नाही? दर रविवारी तिथेच असतेस ना?'

'असते. पण एवढं बघत नाही मी.'

'मग करतेस काय?'

'बसते,' ती म्हणाली. 'रितिका खेळते, मी बसते. मधेमधे बोलतो. तिची आई पोहे देते.'

माझं पाठ केलेलं भाषण इथे बसेना. मी म्हटलं, 'म्हणजे तुला तो नवा गेम आवडतो तरी का?'

'नाही.'

'बघ! मी म्हटलंच होतं तुला. जुनाच चांगला होता.'

'जुना पण नाही.'

मी वळायची थांबले. ती थांबली नाही, तिची बोटं चालूच होती.

'मला नाही आवडत ते, उन्नती. तलवारी, राक्षस. अर्ध्या वेळेला मला झोप यायची. कोण कुणाचा राजा तेच मला शेवटपर्यंत कळलं नाही.'

'मग वाचायचीस कशाला एवढं? ते आवाज काढून?'

'तू हसायचीस म्हणून.' तिने कलकल ताटात ठेवलं. 'तू यायचीस ना रोज. डॅडी नसतात, मम्मी वाडीत. तू यायचीस आणि घर कसं भरून जायचं. मला वाटायचं, हा राजा मरूच नये. मी मुद्दाम तुला लांबच्या रस्त्याने न्यायचे, माहितीये? पडद्यावर लिहिलेलं असायचं उत्तरेला जा आणि मी वाचायचे दक्षिणेला.'

आतून तेलाचा वास यायला लागला. इतका वेळ मीच दुखावलेली होते, ती जागा माझी होती, आणि ती माझ्याखालून कुणीतरी ओढून घेत होतं.

'राजा मार्चमध्ये मेला,' इझा म्हणाली. 'त्यानंतर तू आज आलीस.'

'परीक्षा होती. मग क्लास...'

'हो, क्लास. मला वाटलं, नवा गेम आला की येशील. म्हणून तुला विचारलं, आणायला सांगू का. तू म्हणालीस, जे बघायचं ते बघून झालंय, परत तिथे जाऊन काय करायचं.'

'मी गेमबद्दल बोलत होते!'

'माहितीये मला. मी नव्हते.'

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी तिला जवळ घेतलं असतं आणि विषय संपवला असता. ती नुसती गोळ्या करून माझ्यापुढे ठेवत होती.

'आणि रितिका?' मी म्हटलं. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न मला सोडवत नव्हता. 'तिच्याकडे का?'

'तिने बोलावलं. दिवाळीला तू ताट ठेवायला आत गेलीस तेव्हा म्हणाली, रविवारी ये. मी गेले. पहिल्या दिवशी तुझ्याकडे यायला दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेही होते. मग वाटलं, तू म्हणशील, कशाला आलीस, काम आहे का. परत उतरले.' तिने फणी झटकली. 'पण नंतर नंतर मी तिच्यासाठीच जायला लागले. ती चांगली आहे, उन्नती. मला आवडते ती.'

एवढं सगळं ऐकूनही माझ्या पोटात पुन्हा तेच दुखलं. लाज वाटली, पण दुखायचं थांबलं नाही. मला वाटलं होतं की रितिकाने माझी जागा घेतली. माझी जागा मार्चपासून रिकामीच होती. ती आली आणि बसली, एवढंच.

'डॅडींना सांग ना अजून,' मी म्हटलं. 'गेम आणायला. मिक्सर नको म्हणावं. मी येईन. नाहीतर गेम नको, मी तशीच येईन. रविवारी येते. मिस्सा झाली की ये घरी, मी इथेच असेन.'

'डॅडी निघाले तिथून,' ती म्हणाली. 'आणि रविवारी नाताळ आहे.'

'मग नाताळला येते.'

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या नाकाला पीठ लागलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

'नाताळला रितिका येणार आहे जेवायला. मम्मीने बोलावलंय तिला, तिच्या आईला पण,' इझा म्हणाली. मग पिठाची गोळी माझ्या हातावर ठेवत म्हणाली, 'तू पण ये.'

त्या घरात मला पाहुणी म्हणून आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी नुसती जायचे.

'येते,' मी म्हटलं.